रागावता येत नाही, मग इन्चार्ज कशी होऊ?

ताई, नमस्कार.

मी एका उपजिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. नोकरीला सोळा-सतरा वर्षं झाली. परिसेविकेच्या पदोन्नतीच्या यादीत माझं नाव आलंय. ऑर्डर निघाली की स्त्री सर्जिकल वॉर्डाची इन्चार्ज म्हणून सगळं माझ्याकडे येईल. घरी आनंद आहे आणि मला झोप नाही. मी अबोल आहे. मीटिंगमध्ये तोंडातून शब्द निघत नाही. माझ्या कामाला कुणी नाव ठेवत नाही, पण दुसऱ्याला काम सांगायचं, चुकलं तर बोलायचं, हे मला जमत नाही. रागावता तर येतच नाही. कुणी काम टाळलं की मी ते स्वतःच करून टाकते.

आमचे हे शिक्षक आहेत. ते म्हणतात, "पुढारपण रक्तात असावं लागतं. तुझा तो पिंड नाही, उगाच बीपी वाढवून घेऊ नकोस." माझा भाऊ चाकणला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. तो म्हणतो, "कुणीही होऊ शकतं गं, दोन महिन्यांत सवय होते." धाकटी जाऊ गावची सरपंच आहे. चिठ्ठीत जागा महिला राखीव निघाली म्हणून तिला उभी केली. पहिलं वर्षभर तिच्या वतीने घरचे पुरुषच बोलायचे, आता ती बीडीओंसमोर एकटी बसून बोलते. तिला जमलं तर मला का जमू नये, असंही वाटतं.

आणखी एक अडचण. आमच्या वॉर्डात माझ्याहून वयाने मोठ्या एक सिस्टर आहेत. ड्रेसिंगमध्ये त्यांचा हात धरणारं कुणी नाही. पण त्या सेवेत माझ्यानंतर लागल्या, म्हणून यादीत खाली आहेत. त्या माझ्याशी हल्ली तुटक वागतात. नवीन मुली मात्र डोसची शंका आली की माझ्या सुट्टीच्या दिवशीही मलाच फोन करतात, त्याचाही कधीकधी कंटाळा येतो. पदोन्नती नको असा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवलाय. देऊ का?

— एक सिस्टर (नाव-गाव छापू नये)

प्रिय सिस्टर,

अर्ज सध्या पर्समध्येच राहू द्या. देऊ नका, फाडूही नका. तुमचा निर्णय तुम्हीच घ्यायचा आहे, पण ज्या कारणावरून तुम्ही तो घ्यायला निघाला आहात ते कारण मला पटलेलं नाही.

तुमच्या घरात दोन उत्तरं फिरताहेत. यजमान म्हणतात रक्तात असावं लागतं, भाऊ म्हणतो कुणीही होतं. मला दोन्ही मान्य नाहीत. माझं उत्तर असं आहे की कोणत्याही स्वभावाचा माणूस कामावरचा पुढारी होऊ शकतो, अबोलही आणि बोलकाही. पण प्रत्येक माणूस होऊ शकत नाही, कारण दुसऱ्याच्या हातून झालेल्या कामाची जबाबदारी आपल्या अंगावर घेण्याची तयारी प्रत्येकाची नसते. ती तयारी स्वभावाच्या पलीकडची गोष्ट आहे. तुमच्याकडे ती आहे की नाही, एवढंच तपासायचं आहे.

रक्ताचं आधी बघू, कारण यजमानांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. अमेरिकेत मिनेसोटाच्या संशोधकांनी जुळ्या पुरुषांवर केलेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नोकरीत कोण वरच्या जबाबदारीच्या जागांवर पोचलं आणि कोण नाही, या फरकाचा साधारण ३० टक्के वाटा त्यांनी आनुवंशिकतेला दिला. उरलेला मोठा वाटा परिस्थितीचा: कुणाला कुठे संधी मिळाली, कुणी हात दिला, कुणाला कोणतं काम अंगावर पडलं. शिवाय त्या अभ्यासाने मोजलं ते खुर्चीवर कोण पोचलं हे. खुर्चीवर बसून काम कसं केलं, हे त्यात मोजलेलंच नाही. तेव्हा यजमानांना हे दाखवा आणि सांगा की तीस टक्क्यांवर अर्ज देता येत नाही.

आता तुमच्या जाऊबाई. तुम्ही त्यांच्याबद्दल चार ओळी लिहिल्यात, पण तुमच्या प्रश्नाचं सर्वांत भक्कम उत्तर तुमच्या घरात त्यांच्याकडेच आहे. पुढारी जन्मतो की घडतो, हे तपासायचं तर पुढारीपण कुणालाही न विचारता, नशिबावर वाटून बघायला हवं. असा प्रयोग कोण करील? आपल्या देशाने केला. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी लागू झाली आणि पंचायतींमध्ये किमान एक तृतीयांश जागा, सरपंचपदंही, बायकांसाठी राखून ठेवावी लागली. महाराष्ट्राने २०११ मध्ये ते प्रमाण निम्म्यावर नेलं. तहसील कार्यालयात लहान मुलाच्या हाताने चिठ्ठी काढतात आणि एखाद्या गावात, ज्या बाईने ग्रामसभेची पायरीही चढलेली नसते, तिच्या नावापुढे सरपंच लागतं. तिचा पिंड कुणी विचारत नाही.

मग काय झालं? राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्तेर डुफ्लो (डुफ्लो यांना पुढे २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) यांनी पश्चिम बंगालमधल्या बीरभूम आणि राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यांतल्या पंचायती पाहिल्या. त्यांचा अभ्यास २००४ मध्ये आला. राखीव जागांवर आलेल्या बायका शिक्षणाने आणि अनुभवाने पुरुष सरपंचांपेक्षा कमी होत्या. तरी त्यांच्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त काम केलं, कारण त्या भागातल्या बायकांच्या तक्रारी पाण्याच्याच जास्त होत्या. ज्यांचं दुखणं त्यांना माहीत होतं, त्यांचं काम त्यांनी पुढे रेटलं. भाषणं ठोकता येत होती का, हा प्रश्न तिथे आलाच नाही.

बंगालमधल्याच पुढच्या एका अभ्यासातली गोष्ट मला तुमच्यासाठी अधिक महत्त्वाची वाटते. पहिल्यांदा बाई प्रधान, म्हणजे सरपंच, झाली त्या गावांत लोकांनी तिच्या कामाला पुरुषांपेक्षा कमी गुण दिले. पण ज्या गावांत दुसऱ्यांदा बाई आली, तिथे हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे सुरुवातीला मिळणारे कमी गुण हे पुष्कळदा बघणाऱ्याच्या सवयीचे असतात. तुमच्या बाबतीतही पहिले काही महिने कुणीतरी म्हणेल, "ही कसली इन्चार्ज, हिचा आवाजच नाही." ते ऐकून लगेच पर्समधल्या अर्जाकडे हात नेऊ नका. जाऊबाईंना एकदा निवांत विचारा की घरचे बोलायचे थांबले आणि त्या स्वतः बोलू लागल्या, तो दिवस कसा आला. मला खात्री आहे की त्या एखाद्या विशिष्ट कामाचं नाव घेतील, विहिरीचं, रस्त्याचं, नाहीतर घरकुलाच्या यादीचं. माणूस हवेत बोलायला शिकत नाही. एखादं काम अडतं, ते अडल्याचा त्रास होतो, आणि मग तोंड उघडतं.

तुमच्या क्षेत्रातलं उदाहरण हवं तर जामखेड दूर नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये तिथे आले. गावोगावी प्रशिक्षित नर्स नेमून आरोग्य पोचवायचं, असा त्यांचा आधी विचार होता. तो नीट चालला नाही. मग त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. बऱ्याच निरक्षर होत्या, अनेक दलित वस्तीतल्या, काहींना तर गावात इतरांच्या ओट्यावर बसायचीही मुभा नव्हती. या बायकांनी बाळांची वजनं घेतली, गरोदर बायका शोधल्या, बाळंतपणं सुखरूप केली, अतिसारात मिठा-साखरेचं पाणी पाजायला शिकवलं आणि हळूहळू ज्या घरात त्यांना थारा नव्हता तिथे त्यांच्या शब्दाला वजन आलं. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण त्या बायका एका रात्रीत घडल्या नव्हत्या, हे विसरू नका. त्या वारंवार जामखेडला येऊन एकत्र शिकत. एकीची अडचण दुसरी ऐके. आणि त्यांच्या आवाक्याबाहेरचा रुग्ण आला की पाठीशी फिरतं पथक आणि दवाखाना होता. धीर येतो तो अशा आधाराने येतो. नुसतं "तू करू शकतेस" म्हणून पाठीवर थाप मारली आणि वाऱ्यावर सोडलं, तर चांगली माणसंही मोडतात. आधाराच्या या मुद्द्याकडे मी परत येणार आहे.

आता भावाचं "कुणीही". यात मला धोका दिसतो आणि तो तुम्ही ज्याला घाबरता त्याहून वेगळा आहे. उत्तम काम करणारा माणूस आपोआप उत्तम पुढारी होतो, हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. शाळेत चांगला शिक्षक मुख्याध्यापक होतो, कारखान्यात चांगला फिटर सुपरवायझर होतो, आणि दोन्हीकडे कधीकधी एक चांगला कारागीर हातचा जातो. सचिन तेंडुलकरांपेक्षा मोठा फलंदाज कोण आणायचा? त्यांनी २५ कसोटींत भारताचं नेतृत्व केलं. त्यांतल्या ४ जिंकल्या, ९ हरल्या. त्यांनी ते पद सोडलं, पुढची तेरा वर्षं फलंदाज म्हणून खेळले आणि २००७ मध्ये कर्णधारपदाचा प्रश्न पुन्हा आला तेव्हा महेंद्रसिंग धोनींचं नाव सुचवलं. त्यांच्या थोरवीत यामुळे तसूभरही उणेपणा आला नाही. कोणती जागा आपली आहे हे ओळखणं याला मी फार मान देते.

पण त्याच मुंबई क्रिकेटमधून अजिंक्य रहाणेही आले, डोंबिवलीत वाढलेले, तुमच्यासारखेच अबोल. १९ डिसेंबर २०२० रोजी अॅडलेडला आपला सगळा संघ ३६ धावांत गारद झाला. विराट कोहली बाळाच्या जन्मासाठी घरी परतले आणि संघ रहाणेंच्या हाती आला. मेलबर्नला त्यांनी ११२ धावा केल्या आणि सामना जिंकला. सिडनीत प्रेक्षकांतून मोहम्मद सिराजला घाणेरडं बोललं गेलं, तेव्हा रहाणेंनी पंचांकडे जाऊन खेळ थांबवायला लावला. एकामागून एक गोलंदाज जायबंदी होत गेले, तरी नवख्या मुलांना घेऊन १९ जानेवारी २०२१ रोजी त्यांनी ब्रिस्बेनला सामना आणि मालिका दोन्ही जिंकल्या. या महिनाभरात त्यांनी आरडाओरडा केलेला कुणाच्या लक्षात नाही. सहकाऱ्याच्या बाजूने मात्र ते वेळेवर उभे राहिले.

तेव्हा अबोलपणाची चिंता सोडा. मला चिंता वाटली ती तुमच्या पत्रातल्या एका वेगळ्याच वाक्याची: "कुणी काम टाळलं की मी ते स्वतःच करून टाकते." तुम्ही ते साधेपणाने लिहिलंय, कदाचित थोड्या अभिमानानेही. साध्या सिस्टरमध्ये हा गुण आहे. इन्चार्जमध्ये हा मोठा दोष ठरेल. मावशींनी बेडपॅन उचललं नाही आणि तुम्ही उचललंत, की उद्याही मावशी उचलणार नाहीत. नवीन मुलीने सलाइनची नोंद केली नाही आणि तुम्ही केलीत, की ती मुलगी नोंद करायला शिकणारच नाही. तुमची कंबर जाईल हे तर आहेच, पण ज्या दिवशी तुमची सुट्टी असेल त्या दिवशी वॉर्डातल्या बाईचं काय? तुमच्या पश्चातही रात्री तीन वाजता बीपी वेळेवर बघितला जातोय, हीच इन्चार्जच्या कामाची खरी पावती. इथून पुढे तुमचं काम तुमच्या हातांतून कमी आणि इतरांच्या हातांतून जास्त व्हायला हवं. ज्याला स्वतःच्या हाताचा मोह सुटत नाही त्याला हे पद खरंच मानवत नाही, आणि तुम्ही आधी हे तपासा. पंधरा दिवस, ऑर्डर येण्याआधीच, जाणीवपूर्वक एक काम स्वतः न करता सांगून करून घ्या. दातओठ खावे लागतील. तरी करा.

नवीन मुलींचे फोन याच्याशीच जोडलेले आहेत. त्या तुम्हाला फोन करतात, डॉक्टरांना किंवा दुसऱ्या कुणाला नाही, याचा अर्थ ऑर्डर निघायच्या आधीच वॉर्डातल्या मुलींनी तुम्हाला मानलंय. तुम्ही शंकेवर चिडत नाही आणि खरं उत्तर देता, हे त्यांना कळलंय. या विश्वासाची किंमत फार आहे. पण तो फोनवर चालवत राहू नका. तुमच्या वॉर्डात नेहमी लागणाऱ्या औषधांचे डोस, पातळ किती करायचं, किती वेळात द्यायचं, हे औषधनिर्माण अधिकाऱ्यांकडून किंवा तुमच्या सर्जनकडून तपासून एका वहीत लिहा आणि ती औषधांच्या ट्रॉलीला बांधून ठेवा. फोन आला तर आधी "वहीत पाहिलंस का?" एवढंच विचारा. महिनाभरात फोन निम्मे होतील आणि मुली शिकतील.

मीटिंगमधल्या आवाजाबद्दल. विमानाच्या कॉकपिटमध्ये हा प्रश्न माणसांच्या जिवावर बेतला, म्हणून तिथे त्याचा सर्वांत खोल विचार झाला. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफे बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवरच धडकली आणि ५८३ माणसं गेली. ज्या विमानाने परवानगी पूर्ण मिळण्याआधीच धाव घेतली, त्याचा कॅप्टन त्या कंपनीचा जंबो विमानांचा मुख्य प्रशिक्षक होता. कंपनीच्या जाहिरातींत त्याचा फोटो असे. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली होती की समोरचं विमान अजून धावपट्टीवर तर नाही ना. कॅप्टनने ती ठामपणे झटकली, आणि त्या माणसापुढे पुन्हा तोंड उघडायचा धीर कुणाला झाला नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पोर्टलंडजवळ असंच घडलं. कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतला, सहकारी इंधन संपत आल्याचं दबक्या आवाजात सुचवत राहिले, आणि विमान कोसळून १० जण मेले. यानंतर १९७९ मध्ये नासाने त्यावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ पासून विमान कंपन्या वैमानिकांना रीतसर शिकवू लागल्या: कॅप्टनने विचारायचं कसं, कनिष्ठाने ठामपणे सांगायचं कसं. १९८९ मध्ये कॅप्टन अल हेन्स यांच्या विमानातली दिशा वळवणारी सगळी यंत्रणा हवेत निकामी झाली. त्यांनी प्रवाशांमध्ये बसलेल्या, सुट्टीवरच्या एका प्रशिक्षक वैमानिकालाही आत घेतलं, चौघांनी मिळून विमान अमेरिकेतल्या सू सिटीला उतरवलं. २९६ पैकी १८४ माणसं वाचली. हेन्स पुढे आयुष्यभर जाहीर भाषणांतून त्याचं श्रेय त्या प्रशिक्षणाला देत राहिले.

ज्या गोष्टीला आपण "रक्तात असावं लागतं" म्हणतो, ती तिथे वर्गात बसवून शिकवली गेली आणि तिने माणसं वाचवली. मला यातून तुमच्याबद्दल हे दिसतं की गप्प बसून ऐकणाऱ्या माणसासमोर बाकीचे बोलतात. मोठ्या आवाजाच्या इन्चार्जसमोर मुली चूक लपवतात. तुमच्यासमोर त्या चूक कबूल करतील. सर्जिकल वॉर्डात कबूल केलेली चूक म्हणजे वेळेत सुधारता येणारी चूक.

हाच धडा ऑपरेशन थिएटरातही आला आहे. मूळ विदर्भातल्या घराण्यातले सर्जन अतुल गावंडे यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये सुरक्षित शस्त्रक्रियेसाठीची १९ मुद्द्यांची यादी आणली. तुम्हाला ती माहीतच असेल. त्यात प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं असतं, कारण एकदा तोंड उघडलेली सिस्टर पुढे शंकाही बोलून दाखवते. आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. मात्र कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात शंभरावर रुग्णालयांत तीच यादी लागू केल्यावर, २०१४ मध्ये पाहिलं तेव्हा म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. वरून हुकूम आला की लोक खुणा करतात आणि कागद फाईलला लागतो, असं त्यावर अनेकांनी म्हटलं, आणि सरकारी दवाखाने जवळून पाहिलेल्या मला ते पटतं. कागदात जीव ओतायला वॉर्डात कुणीतरी लागतं.

मोठ्या मीटिंगपासून सुरुवात करू नका. सकाळचा हँडओव्हर बेडजवळ घ्या, तिथे चार माणसं असतात आणि समोर तुम्हाला माहीत असलेली रुग्ण असते. तिथे तुमचा आवाज फुटेल. अधिसेविकांच्या (मेट्रनच्या) बैठकीला जाताना तीन मुद्दे लिहून न्या आणि पहिल्या पाच मिनिटांतच बोलून टाका. वाट बघत बसलं की घसा सुकतो.

आता रागावणं. मला वाटतं रागावता न येणं ही तुमची उणीव मोजायचीच गरज नाही. चूक दाखवता आली पाहिजे, ती रागाशिवाय जास्त नीट दाखवता येते. रुग्णासमोर किंवा इतर सिस्टर्ससमोर नाही, बाजूला बोलावून. "तू नेहमी असंच करतेस" नाही, जे घडलं तेवढंच. उदाहरणार्थ: "काल रात्री सात नंबरच्या बेडचा दोन वाजताचा बीपी लिहिलेला नाही. काय झालं होतं?" आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणं तुम्हाला इतरांपेक्षा चांगलं जमेल. कदाचित त्या मुलीकडे तेव्हा दोन नवीन केसेस आल्या असतील आणि ती एकटी असेल. मग चूक तिची कमी आणि रोस्टरची जास्त. कदाचित ती झोपली असेल. मग सांगा, "आजपासून दोनचा आणि चारचा बीपी घेतला की मला सकाळी दाखवायचा." तिसऱ्यांदा तेच झालं तर लेखी द्या, न चिडता, आणि देणार हे आधी सांगून द्या. पहिल्या लेखी मेमोनंतर चार दिवस कुणी तुमच्याशी चहा घेणार नाही. हे सोसण्याची तयारी मात्र लागेल. ती नसेल तर नकार द्यायचं हे एक खरं कारण आहे.

वॉर्डातली निम्मी भांडणं नाइट आणि ऑफवरून होतात, हे तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. गणपतीत कुणाला सुट्टी, दिवाळीत कुणाला नाइट. पहिल्याच महिन्यात गेल्या दोन वर्षांचं रोस्टर काढा, सणाच्या ड्यूट्या कुणी किती केल्या ते एका कागदावर मांडा आणि तो कागद सर्वांना दिसेल असा लावा. ज्यांनी जास्त केल्या त्यांना यंदा आधी सुट्टी. स्वतःचं नावही त्यात घाला. निम्मी कुरकुर तिथेच मिटेल, कारण निर्णय तुमच्या मर्जीवर राहिला नाही.

आता आधाराचा मुद्दा. सरकारी रुग्णालयात इन्चार्जवर जबाबदारी खूप आणि हातात अधिकार थोडे, हे वास्तव आहे. रिकाम्या जागा तुम्ही भरू शकत नाही, कंत्राटी मावशींचा पगार तुम्ही काढत नाही. म्हणून ऑर्डर स्वीकारण्याआधी अधिसेविकांना भेटा आणि मागा. हँडओव्हरसाठी दोन पाळ्यांत थोडा वेळ दोन्ही सिस्टर वॉर्डात असाव्यात. स्टॉक रजिस्टर आणि इंडेंटमध्ये (सामानाच्या मागणीपत्रात) सुरुवातीचे महिने कुणीतरी अनुभवी मदतीला असावं. दुसऱ्या वॉर्डाच्या मुरलेल्या इन्चार्ज सिस्टरजवळ आठवडाभर बसून शिकायला मिळावं. सगळं मिळणार नाही. पण मागितलेलं लेखी असू द्या. मनुष्यबळ नसताना एखादी चूक झाली तर दोष तुमच्या एकटीच्या माथी यायला नको.

नकार कधी द्यावा? घरी आजारी माणूस आहे आणि तुम्हाला सध्या ठरलेल्या वेळेलाच घरी पोचायचं आहे, तर द्या. रुग्णाच्या उशाशी बसून केलेली सेवाच तुमचा श्वास आहे आणि रजिस्टरांत जीव गुदमरणार हे आतून माहीत आहे, तर द्या. मी सर्वांत आधी टाळ्या वाजवीन. मात्र पदोन्नती नाकारल्याचे परिणाम पुढच्या यादीवर आणि वेतनश्रेणीवर काय होतात, हे आस्थापना शाखेत नीट विचारून घ्या, ऐकीव गोष्टींवर जाऊ नका. "मी बोलकी नाही" आणि "मला रागावता येत नाही" या दोन कारणांसाठी मात्र अर्ज देऊ नका. ती कारणं तुमची नाहीत, लोकांनी तुमच्यावर लावलेली आहेत.

राहिल्या त्या वयाने मोठ्या सिस्टर. हे काम ऑर्डर निघायच्या आत करायचं आहे. त्यांना वॉर्डाबाहेर चहाला न्या, दुसरं कुणी बरोबर नको. गोड बोलून सुरुवात करू नका, त्यांना ते लगेच कळेल. सरळ सांगा: "यादी सेवेच्या तारखेवर लागली, ती तुम्ही केली नाही की मी केली नाही. तुम्हाला वाईट वाटलं असणार, मला कळतं." मग त्यांना बोलू द्या. त्या कडू बोलतील, बोलू द्या, उत्तर देऊ नका. त्यानंतर विचारा की नवीन मुलींना ड्रेसिंग शिकवण्याची जबाबदारी त्या घेतील का, आणि त्यात तुम्ही ढवळाढवळ करणार नाही हेही सांगा. नाइट कमी देईन, सुट्टी जास्त देईन, असलं काही कबूल करू नका. दुसऱ्या दिवशी ते वॉर्डभर होईल आणि तुमच्या रोस्टरवरचा विश्वास पहिल्याच आठवड्यात जाईल. त्या नाही म्हणाल्या तरी त्यांना आधी जशी हाक मारत होतात तशीच मारत राहा आणि महिनाभराने पुन्हा विचारा. ऑर्डर हातात पडल्यावर हेच बोलायला गेलात तर ते इन्चार्जचं बोलणं होईल. आज तुम्ही दोघी अजून एकाच पायरीवर आहात, तेव्हा याच आठवड्यात जा.